रक्तपिशाच्चाचा चेहरा पावडरीत कमी, दिव्यात जास्त

सिंदेवाही तालुक्यातल्या चार पोट्ट्यांचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या पडक्या वाड्यात मेलेला सावकार रात्री उठतो आणि कर्जदारांचं रक्त पितो, अशी वीस मिनिटांची फिल्म त्यांनी मोबाइलवर काढली. सावकाराच्या तोंडाला पांढरी पावडर, ओठांना लाल लिपस्टिक, जत्रेतले प्लास्टिकचे दात आणि जुन्या काळ्या साडीचा शिवलेला केप. समाजमंदिरात दाखवली तेव्हा सावकार पहिल्यांदा पडद्यावर आला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, हे त मारबत होय!" पुढं लोक शेवटपर्यंत हसतच राहिले. काय चुकलं, आणि कमी पैशात कसं सुधारायचं?

मी पंचवीस वर्षांच्या वर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या नाटकांच्या मुलखात, तोंडं रंगवतोय. वडसा गावच्या नाटक कंपन्यांबरोबर हंगामभर फिरायचं, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतील त्या गावी रात्री पडदा उघडायचा, कोंबडा आरवेपर्यंत नाटक. हल्ली शॉर्टफिल्मवाली पोरंही बोलावतात. तर आधी त्या ओरडणाऱ्याची बाजू घेतो, कारण त्याचं बरोबर होतं. मारबत म्हणजे पोळ्याच्या वेळी मिरवत नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. ती दिवसाउजेडी, लांबून, गर्दीच्या डोक्यांवरून दिसावी म्हणून तशी भडक रंगवतात. आमचं स्टेजचं कामही तसंच, शेवटच्या तट्ट्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्यालाही नटाच्या भुवया दिसल्या पाहिजेत. तुम्ही तोच रंग कॅमेऱ्यासमोर दोन हातांवर आणून ठेवलात. तिथं भूत दिसत नाही, पावडर दिसते.

मुळात हा पांढरा चेहरा पडद्यावर आला कुठून, ते कळलं तर तो सोडवणं सोपं जाईल. 1922 साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी 'नोस्फेराटू' हा रक्तपिशाच्चाचा मूकपट केला. त्यात मॅक्स श्रेक हा नट टकला, टोकदार कानांचा, लांब नखांचा, आणि सुळे नाही तर पुढचे दोन दात उंदरासारखे बाहेर आलेला. त्या काळी सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला आंधळी होती. गालावरची लाली काळपट उतरायची, ओठ तर काळेच. म्हणून तेव्हा साध्या प्रेमकथेतला नायकसुद्धा तोंडाला जाड रंग लावायचा. पांढरा चेहरा आणि काळे ओठ ही अर्धी कल्पना होती आणि अर्धी फिल्मची मजबुरी. तुमच्या मोबाइलला लाल रंग दिसतो, उलट जरा जास्तच दिसतो. मग ती मजबुरी तुम्ही काहून पाळता?

केपचंही तेच. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी 1897 सालची. तिच्यातला रक्त पिणारा उमराव ड्रॅक्युला म्हातारा, लांब पांढऱ्या मिशांचा, दाट भुवयांचा, तळहातावर केस असलेला. तो उभ्या कॉलरचा केप आणला नाटकवाल्यांनी. इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीन यांनी 1924 साली कादंबरीचं नाटक केलं. नटानं प्रेक्षकांकडे पाठ करायची, उंच कॉलरमागं डोकं झाकायचं आणि स्टेजमधल्या चोरदारातून खाली सटकायचं. मागं रिकामा केप. म्हणजे कॉलर गायब व्हायच्या युक्तीसाठी होती, रुबाबासाठी नव्हे. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मला आमच्याच लाइनीतला कोणी भेटल्यासारखं वाटलं. पुढं नाटकातून तो केप सिनेमात गेला आणि आपल्याकडच्या जत्रेपर्यंत आला.

तुमच्या सावकाराला केपचं काय काम? त्याला धोतर द्या, गळाबंद काळा कोट द्या, टोपी द्या. वाड्यातल्या पेटीत आजोबाचा कोट सापडेल, कसर लागलेला असला तर दुधात साखर. कोटाला वास कॅमेऱ्यात येत नाही, पण वळ्या येतात. मेलेला माणूस आडवा होता, त्यामुळं वळ्या पाठीवर पाहिजेत, कोपरावर नको. आणि मिशी ठेवा. 2024 सालच्या नव्या 'नोस्फेराटू'मध्ये बिल स्कार्सगार्डला भरघोस मिशी दिलीच की. मिशीवाला सावकार आपल्या लोकांना ओळखीचा वाटेल, आणि ओळखीचा माणूस थोडासा बिघडलेला दिसला की पोटात गोळा येतो. अनोळखी राक्षसाला लोक हसतात.

आता कातडी. आपल्या सावळ्या रंगावर पांढरं लावलं की ते पांढरं दिसत नाही, राखेत लोळल्यासारखं दिसतं. अंगात रक्त कमी आहे का, हे बघायला डॉक्टर तुमच्या गालाकडे बघत नाहीत. खालची पापणी ओढतात, जीभ काढायला लावतात, तळहात आणि नखं बघतात. मेकअपवाल्यानंही तिथंच बघावं. सावळ्या माणसाचं रक्त उतरलं की ओठ, पापणीची आतली कड, तळवे आणि नखं फिकी पडतात. तर बेस नटाच्या मूळ रंगापेक्षा फार तर एकच छटा उजळ घ्या, क्रीमचा घ्या, आणि त्यात किंचित हिरवट-राखाडी मिसळा. लाली मरते. ओठांवर तोच बेस बोटानं चोळा, वर किंचित तपकिरी. लिपस्टिक नकोच. डोळ्याखाली काळं काजळ फासू नका. काजळानं डोळा मोठा आणि देखणा होतो, बायका उगाच लावत नाहीत. तिथं जांभळट-तांबूस रंग लावा, खालच्या पापणीपासून सुरू करून नाकाच्या कडेला विरवत न्या. कानशिलं आणि गालाचे खड्डे सपक तपकिरी रंगानं आत ढकला. मग मान, कान, कानामागची जागा आणि हात. हात तर हमखास विसरतात. दार ढकलणारा हात पडद्यावर चेहऱ्याच्या आधी येतो, आणि तो ताजातवाना शेतकऱ्याचा असला की संपलं.

शिरा काढायच्या असतील तर निळ्या बॉलपेननं काढल्यासारख्या नकोत. 1994 सालच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये नटांना उलटं टांगायचे, चेहऱ्यावरच्या शिरा फुगायच्या आणि मेकअपवाले त्या खऱ्या शिरांवरून रेघा ओढायचे. तुम्ही कोणाला टांगू नका रे बाप्पा. नटाला पाच-दहा सेकंद खाली वाकायला सांगा, कानशिलावरची शीर कुठं आहे ते बघा, आणि त्याच वाटेनं हिरवट-जांभळी बारीक रेघ ओढून ओल्या स्पंजनं अर्धी पुसून टाका. उरलेली अर्धी ती शीर.

रबराचे कान, वाढवलेलं कपाळ असल्या भानगडीत पहिल्या फिल्मला पडू नका. 1979 साली वेर्नर हेर्झोग यांनी पुन्हा 'नोस्फेराटू' केला, तेव्हा क्लाऊस किन्स्कीला रोज जवळपास चार तास खुर्चीत बसावं लागायचं, आणि रंगवणारी रेइको क्रुक ही त्या कामातली मुरलेली बाई होती. माझी गोष्ट ऐका. एका हंगामात मी वेताळाला लेटेक्सचे टोकदार कान केले आणि स्पिरिट गमनं चिकटवले. फेब्रुवारीचा शेवट, वर हॅलोजन, नटाला घामाच्या धारा. दुसऱ्या अंकात ऐन धमकीच्या वाक्याला डावा कान सुटला आणि खांद्यावरून तबल्यापर्यंत गेला. नट पक्का होता. त्यानं कान उचलला, खिशात घातला आणि म्हणाला, "तुमची कुरकूर ऐकायले मले एकच कान पुरे!" टाळ्या पडल्या. सिनेमात टाळ्या पडत नाहीत, रिटेक पडतो. शूटिंग जमलं तर डिसेंबर-जानेवारीत करा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्यात कोणताच बेस टिकत नाही. आत्ताच करायचं असेल तर पहाटे तीननंतर करा आणि रंगवण्याआधी फडक्यात बर्फ गुंडाळून चेहऱ्यावर फिरवा.

दातांकडे येतो. 1931 सालच्या अमेरिकन 'ड्रॅक्युला'मध्ये ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीला सुळेच दाखवलेले नाहीत, हे सांगितलं तर लोक पैज लावतात. सुळे, लाल डोळे आणि रंगीत रक्त ठसलं ते 1958 सालच्या ब्रिटिश हॅमर कंपनीच्या सिनेमात, ख्रिस्तोफर लीच्या तोंडून. तेव्हा सुळे लावणं हा नियम नाही, निवड आहे. लावायचेच असतील तर जत्रेतले नको. ते पुढं येतात, तोंड मिटत नाही, नट माकडासारखा दिसतो. गावाजवळच्या एखाद्या दातांच्या डॉक्टरला गळ घाला. वरच्या जबड्याचा साचा घेऊन प्लास्टरची प्रतिकृती करून द्या म्हणावं, आणि त्या प्रतिकृतीवर ॲक्रिलिकचे दोनच सुळे बसवून घ्या. ॲक्रिलिक घट्ट होताना तापतं, म्हणून ते तोंडात बसवायचा शहाणपणा कोणी करू नये. गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे ऑनलाइन मिळतात, त्यांचंही चालतं. सुळ्याची लांबी शेजारच्या दातापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी जास्त, बस. आणि रंग पांढराशुभ्र नको, नटाच्या बाकीच्या दातांशी जुळला पाहिजे. इथं आपल्या भागाची खास अडचण येते. तुमचा सावकार खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खात असेल तर त्याचे दात आधीच तांबूस-काळे आहेत, आणि त्यात दोन नवेकोरे सुळे म्हणजे जुन्या घराला ॲल्युमिनियमची खिडकी. सुळ्यांवर चहाचं पाणी चढवा. खर्रा सोडवता आला तर उत्तमच, पण फिल्मच्या निमित्तानं कोणी सोडल्याचं मी पाहिलेलं नाही.

सुळे लावून बोलता येत नाही हेही लक्षात ठेवा. 'स' आणि 'श' वाऱ्यावर जातात, "सावकार" म्हणताना थुंकी उडते. बोलण्याचे शॉट सुळ्यांशिवाय घ्या, चावण्याचे वेगळे घ्या. ख्रिस्तोफर ली 1966 च्या सिनेमात ड्रॅक्युला होऊन एक शब्दही बोलत नाही, नुसता फिस्कारतो, आणि तरी लक्षात राहतो. तुमच्या सावकाराची निम्मी वाक्यं कापली तर फिल्मचं भलंच होईल. मेलेला माणूस व्याजाचा हिशेब तोंडी कशाला सांगेल? वही उघडून बोट ठेवेल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते, म्हणजे दिवा. लुगोसीच्या त्या सिनेमाचा छायालेखक कार्ल फ्रॉइंड. नटाचा चेहरा बराचसा अंधारात आणि डोळ्यांवर प्रकाशाचे दोन बारीक झोत, एवढ्यावर ती नजर उभी आहे. हे तुम्हाला फुकटात करता येतं. काळ्या कार्डशीटला बोटाएवढी आडवी फट पाडा, ती टॉर्चपुढं धरा, आणि झोत फक्त डोळ्यांच्या पट्टीवर पाडा. टॉर्च कार्डशीटच्या जवळ आणली की कड विरते, लांब नेली की धारदार होते.

मी मागच्या वर्षी एका पोराच्या फिल्मसाठी याच्या उलटं केलं, आणि मला ते जास्त आवडलं. जिवंत माणसाच्या बुबुळात समोरच्या दिव्याचा एक ठिपका चमकत असतो. तो ठिपका काढला की डोळा मरतो. आम्ही गुरांच्या कोठ्यात बसलो होतो. नटाला मी जेमतेम दहा मिनिटं रंगवलं होतं, मिशीखाली ओठ फिका केला आणि डोळ्याखाली जांभळं, एवढंच. कंदील त्याच्या समोरून उचलला आणि बाजूला, कानाच्या थोडा मागं, गव्हाणीवर ठेवला. मोबाइलच्या पडद्यावर बुबुळं एकदम कोळशासारखी झाली. नट तोच, रंग तोच. वैरण टाकायला आलेली घरची बाई दारातच थांबली आणि म्हणाली, "मी मंग येतो." त्या दिवशी डोळ्यात घालायच्या लेन्सचे पैसे वाचले. रंगीत लेन्सच्या नादी लागू नका. स्वस्तातल्या लेन्स, हात न धुतलेली पोरं आणि आपल्याकडची धूळ यांत बुबुळाला जखम व्हायला वेळ लागत नाही, आणि तालुक्याच्या गावी रात्री डोळ्याचा डॉक्टर सापडत नाही.

सावलीचं शास्त्रही सोपं आहे. 1922 च्या 'नोस्फेराटू'तला सगळ्यांना आठवणारा शॉट म्हणजे जिना चढणारी सावली, लांब बोटांची. तिथं नट नाहीच, मेकअप नाहीच. दिवा जितका छोटा, तितकी सावलीची कड धारदार. ट्यूबलाइटनं सावली गढूळ पडते, मोबाइलच्या एका टॉर्चनं कातरल्यासारखी पडते. नट दिव्याजवळ गेला की सावली मोठी, भिंतीजवळ गेला की त्याच्याएवढी. तुमच्याकडे तर सारवलेली कुडाची भिंत आहे. तिच्यावरच्या उंचवट्यांवरून सावली सरकते तेव्हा बोटं आपोआप वाकडी होतात. सिमेंटच्या भिंतीवर हे होत नाही. सावकार कर्जदाराच्या घरात शिरतो तो प्रसंग पूर्ण सावलीत काढा, चावणंसुद्धा. खाटेवरचा माणूस, भिंतीवर वाकणारी टोपी. प्रेक्षक उरलेलं स्वतः रंगवतील.

रात्रीसाठी निळा फिल्टर जपून वापरा. मूकपटाच्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसा काढून फिल्म निळी रंगवायचे. पुढं 'नोस्फेराटू'च्या ज्या प्रती नुसत्या काळ्या-पांढऱ्या फिरल्या, त्यांत भूत भर दुपारी हिंडताना दिसतं. आणि गंमत म्हणजे सूर्यप्रकाशानं रक्तपिशाच्च मरतं, ही कल्पना पडद्यावर आणली ती त्याच सिनेमानं. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते. तुम्ही सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं पकडा. आकाश निळं, झाडं काळी, चेहऱ्यावर कंदिलाचा पिवळा. आणि उन्हाला घाबरणारं भूत चंद्रपूर जिल्ह्यात कोणाला वेगळं वाटणार? मे महिन्यात दुपारी सगळेच तोंडाला दुपट्टा बांधून सावलीसावलीनं जातात. त्या गर्दीत एक दुपट्टा असा असू दे, ज्याच्या कपाळावर घाम नाही. हा प्रसंग मला स्वतःला सुचला तेव्हा रात्री झोप लागली नाही. तुम्हाला फुकट दिला.

रक्त. एक वाटी लिक्विड ग्लुकोज मिठाईवाल्याकडून आणा, दोन चमचे पाणी, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि काडीच्या टोकावर निळा. ग्लुकोज नसेल तर साखरेचा एकतारी पाक. मोबाइलमध्ये लाल भडकतो, म्हणून डोळ्याला जरा काळपट वाटेल इतपत गडद करा आणि त्याच दिव्याखाली, त्याच मोबाइलनं तपासा. पळसाची फुलं उकळून बघू नका, केशरी येतं. बीट काही वेळानं तपकिरी पडतं. काळ्या-पांढऱ्यात काढणार असाल तर चॉकलेटचं सिरप पुरतं, हिचकॉक यांनी 1960 साली 'सायको'मध्ये तेच वापरलं. गोड रक्ताला मुंग्या लागतात, तेव्हा कोट खाली टाकून जेवायला जाऊ नका. कुंकू, शेंदूर, होळीचा रंग तोंडाजवळ आणायचा नाही. जुनी नटमंडळी तोंडाला मुर्दाडशिंग लावायची. ते शिशाचं आहे, विष आहे. कोणी म्हातारा कौतुकानं सांगेल, ऐकून घ्या, लावू नका.

सावकारानं रक्त प्यायल्यावर त्याचा चेहरा बदलायला हवा, हे तुमच्या फिल्ममध्ये राहूनच गेलं. कादंबरीतला उमराव रक्त पिऊन तरणा होत जातो. म्हणजे मेकअप एक नाही, किमान दोन. उपाशी सावकार सुका, सपक, नखं राखाडी. प्यालेला सावकार गालावर किंचित तांबूस, ओठ ओले, पापणीच्या कडेला बोटभर व्हॅसलिनची चमक. आणि त्याच वेळी कर्जदाराच्या ओठांवरून तेवढाच रंग काढून घ्या. एकाचा रंग दुसऱ्याकडे गेलेला दिसला की व्याज कसं चढतं ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक टप्प्याचा फोटो त्याच दिव्यात काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्या रात्री जुळणार नाही.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. दुसऱ्या भागात सावकाराची बायको रक्त पिणारी दाखवायची, केस मोकळे, मोठं कुंकू, एकटी म्हातारी, असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. आपल्या भागात जादूटोण्याच्या संशयावरून एकट्यादुकट्या बायांना मारहाण झालेली आहे, 2013 साली राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. नट मेकअप पुसून घरी जातो, पण गावातल्या तशा दिसणाऱ्या म्हातारीला तो पुसता येत नाही. बायको दाखवायचीच असेल तर ती सावकारासारखीच नीटनेटकी, नऊवारीत, अंगावर गहाणातले दागिने घातलेली दाखवा. लोक दागिने ओळखतील.

लहानपणी आमच्या गावात रात्रभर भाड्यानं व्हीसीआर आणायचे तेव्हा रामसे बंधूंचा 1990 चा 'बंद दरवाजा' पाहिला होता. अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि तो लांबोळका चेहरा, यातच निम्मं काम झालेलं असायचं. मेकअप नटाच्या हाडांवर बसतो. तुमच्या चौघांत सावकार कोण होतो ते मैत्रीवर ठरवू नका. ज्याची गालफडं वर आलेली, मान लांब, पापणी जड, तो घ्या. गोलमटोल पोट्टा कर्जदार करा.

शेवटी चेहरा उतरवताना खोबरेल तेल चोळून मऊ कापडानं पुसा, मग साबण. स्पिरिट गम लावला असेल तर त्याचा रिमूव्हर आधीच आणून ठेवा, ओढून काढलं तर मिशीबरोबर कातडी येते. आमच्या वेळी काही जण रॉकेलनं तोंड पुसायचे, त्यांच्या कातडीचं काय झालं ते मी रोज बघतो. नवा रंग आणला की आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघा, खाज आली तर तो डबा परत. आणि पहिल्या रात्री फिल्म काढूच नका. एक नट, एक कंदील, एक भिंत घेऊन दोन तास नुसता दिवा फिरवत बसा. जे फोटो येतील त्यातले तीन मला पाठवा, मेकअप न करता काढलेले.